बचत गटाचं चॉकलेट: कंपाउंड सोडून कोकोच्या बिया आणायच्या का?

वणाकाठ

नमस्कार मंडळी. इथे कास्तकार आहेत, जंगलाचं काम करणारे आहेत, दुकानदारी करणारेही आहेत, म्हणून हा प्रश्न इथेच मांडते.

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात बचत गटाच्या बाया राखीला, दिवाळीला आणि लग्नसराईत चॉकलेट करून विकतात. पद्धत सगळीकडे असते तीच. कंपाउंडच्या लाद्या आणायच्या, वितळवायच्या, बदाम नाहीतर खोबरं घालून साच्यात ओतायच्या, चमकीच्या कागदात गुंडाळायच्या. कंपाउंड म्हणजे कोको पावडर, साखर आणि कोको बटरच्या (कोकोच्या बीतल्याच तेलाच्या) जागी पामच्या बीचं घट्ट केलेलं तेल. ते स्वस्त पडतं, फार तंत्र लागत नाही आणि आपल्याकडच्या उन्हात त्यातल्या त्यात तग धरतं. नियमाप्रमाणे ज्याला नुसतं 'चॉकलेट' म्हणता येतं, त्यात कोको बटर सोडून दुसरं वनस्पती तेल ५ टक्क्यांच्या वर चालत नाही. म्हणून आमच्या डब्यावर 'कंपाउंड' असं ठळक छापलेलं असतं.

आता गटात विषय निघाला आहे की लाद्या बंद करून कोकोच्या बियाच आणाव्यात आणि भाजण्यापासून वडी पाडण्यापर्यंत सगळं गावातच करावं.

चवीसाठी नाही, माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला आहे. लादीतली कोको पावडर कुणाच्या वावरातून आली हे लादी विकणारालाही सांगता येत नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे बहुतेक घरचीच शेती, चार-दोन हेक्टरची. शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क या संस्थेनं २०२० साली अहवाल दिला, त्यात या दोन देशांत मिळून १५.६ लाख मुलं कोकोच्या कामात आहेत असं म्हटलं आहे. कोयत्यानं फळं फोडायची, डोक्यावरून ओझी वाहायची, फवारणीच्या औषधात वावरायचं. चॉकलेट कंपन्यांनी २००१ साली करारावर सह्या केल्या होत्या की २००५ पर्यंत यातले सगळ्यात वाईट प्रकार बंद करू. मग मुदत २००८ झाली, २०१० झाली, नंतर उद्दिष्टच कमी करून २०२० वर नेलं. आणि २०२० मध्ये हा आकडा आला.

आम्ही कापसाच्या गावच्या बाया आहोत. वेचणीला मजूर परवडत नाही तेव्हा लेकरू शाळा बुडवून वावरात उभं राहतं, हे आम्हाला अहवाल वाचून कळायची गरज नाही. मायबापाला हौस असते का? किलोमागे हाती पडणाऱ्या पैशात मजुरी निघत नाही. त्यामुळे आपण विकतो त्या वडीत असल्या लेकराचं काम आहे की नाही, एवढं तरी मला ठाऊक असावं असं वाटतं.

हिशेब असा मांडला आहे. बी भाजून टरफल पाखडलं की वजनात साधारण पाव भाग तूट येते. म्हणजे ७० टक्के कोकोची ५० ग्रॅमची वडी करायला ४५ ते ५० ग्रॅम सुकी बी लागते. चांगल्या आंबवलेल्या बीला किलोमागे ६०० रुपये मोजायचे ठरवले तरी वडीमागे बीचे ३० रुपये होतात. वडी १५० ला विकली तर पाचवा हिस्सा पिकवणाऱ्याचा. मोठ्या कंपन्यांच्या चॉकलेटच्या किमतीत शेतकऱ्याचा वाटा सहा-सात टक्के असल्याचं नेहमी सांगितलं जातं.

अडचण हवामानाची. खऱ्या चॉकलेटला टेम्परिंग लागतं. ४५ ते ५० अंशांवर वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, पुन्हा ३१-३२ वर आणून साच्यात ओतायचं. आणि कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. नवतप्यात आमच्या स्वयंपाकघरात ते घट्ट राहायचंच नाही. पावसाळ्यात दमटपणामुळे वडीवर साखरेचा पांढुरका थर येतो. उरली दिवाळी ते महाशिवरात्र. नेमकी तीच वेचणीची वेळ, गटातल्या सगळ्या बाया वावरात.

तर विचारायचं आहे: हे करावं का? आणि करायचं तर बी कुठून, कुणाकडून, कोणत्या बोलीवर घ्यावी?

शेवगा

ताई, काम चांगलं आहे, पण मुळातच शंका आहे. आपल्याकडे कोको पिकत नाही, पिकणारही नाही. त्याला बारमाही दमट हवा आणि सावली लागते. मग गावातल्या बायांनी जवस, तीळ, मोहफूल, चारोळी सोडून परमुलखाच्या बीमागे का लागावं? तीळ-गुळाची वडी नीट बांधून विकली तर बीचा पैसाही तालुक्यातच राहील. चॉकलेटचं अप्रूप जाहिरातींनी वाढवलेलं आहे, त्याला आपण का खतपाणी घालायचं?

वणाकाठ

शेवगा दादा, जवसाची चटणी आणि तिळाची वडी गट करतोच, तेही विकलं जातं. पण लग्नाच्या आहेरात लोक चॉकलेटचा डबाच मागतात. आज तो पैसा लादीच्या वाटेनं बाहेर जातोच आहे. जाणारच आहे तर निदान कुणाकडे जातो ते दिसावं, एवढंच म्हणणं आहे.

उलंगवाडी

ताई, मी पांढरकवड्याचा. कोकोचं झाड काही पाह्यलं नाही, पण तुम्ही लिहिलं ते वाचून मले आपली एकाधिकार खरेदी आठवली. थोडं लांबून सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मले तिथंच दिसते.

घानात कोकोबोर्ड आहे, १९४७ पासूनचा. हंगामाच्या सुरुवातीले भाव तोच ठरवते आणि माल बाहेरदेशी विकण्याचा हक्कही त्याच्याच हाती. पीक यायच्या आधीच पुढच्या मालाचा सौदा करून टाकते, २०२३-२४ पर्यंत त्याच्या भरवशावर कर्जही उचलत होता. आयव्हरी कोस्टातही भाव सरकारच बांधून देते. चांगल्या मनानं केलं तर हे बरंच आहे. बाजार पडला तरी कास्तकाराले ठरलेला पैसा. आपल्याकडे १९७२ पासून तीसेक वर्षं हेच होतं. पणन महासंघाशिवाय कोणाले कापूस विकता येत नव्हता.

पण भाव चढला की काय होते ते पाहा. २०२३-२४ मध्ये तिकडे अतिपाऊस झाला, झाडांवर रोग आला, पीक बसलं. न्यूयॉर्कात कोको एप्रिल २०२४ मध्ये टनाले १०-११ हजार डॉलरवर गेला, डिसेंबरात १२ हजारांच्या वर. त्याच एप्रिलात आयव्हरी कोस्टानं आपल्या कास्तकाराचा भाव वाढवून किलोले १,५०० फ्रँक केला. म्हणजे टनाले अडीच हजार डॉलरच्या आसपास! वाढवल्यावर एवढा. घानाचंही तसंच. माल आधीच जुन्या भावानं विकून बसलेला. मग कोको रातोरात सीमेपलीकडे टोगोत जायले लागला.

आमच्या बापानंही बैलगाडीनं पैनगंगा ओलांडून कापूस आदिलाबादकडे नेला आहे. पलीकडे रोख मिळत होता आणि इकडे चुकारा महिनोन् महिने येत नव्हता. हप्त्याहप्त्यानं यायचा, त्यातून सोसायटीचं कर्ज कापून. लेकीचं लग्न अडलेलं असताना भाव चांगला आहे म्हणून कोण थांबते?

म्हणून माझं म्हणणं असं. भाव किती देता हे नंतर. पैसा कधी देता, आणि माल बिघडला तर नुकसान कोणाच्या अंगावर, हे आधी ठरवा. लहान व्यापारी म्हणजे चांगला व्यापारी असं काही नसते. खेडा खरेदी करणारा आमच्या गावचाच राहते, वजनकाटाही लहानच राहते, पण कटता, म्हणजे वजनातली तूट, कापताना तो मोठ्या जिनिंगवाल्याले मागं टाकते.

नागपूरकर_कोचीत

उलंगवाडी काका, शेवटच्या मुद्द्यावर मी थोडं भर घालतो. कामानिमित्त केरळात राहतो, इडुक्कीकडे कोकोची झाडं रोज दिसतात.

भारतात कोको केरळ, आंध्र, कर्नाटक आणि तामिळनाडूत होतो, बहुतेक नारळ-सुपारीच्या सावलीत आंतरपीक म्हणून. सगळ्यात जास्त आंध्रात, पश्चिम गोदावरी आणि एलुरूच्या पट्ट्यात. सुरुवात १९६५ च्या सुमारास कॅडबरीनं वायनाडमध्ये केली. पुढे भाव कोसळला आणि शेतकऱ्यांच्या कोकोला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा मंगळूरची कॅम्पको ही सुपारीवाल्यांची सहकारी संस्था खरेदीला उतरली. १९८६ मध्ये तिनं पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. चॉकलेटचा कारखाना शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा असू शकतो याचं आपल्या देशातलंच हे उदाहरण आहे, आणि तो लहान नाही. उलट लहान कारागीर म्हणून मिरवणारे काही जण तयार चॉकलेट आणून वितळवतात आणि वर स्वतःचं नाव लावतात. तेव्हा लहान-मोठं या मापानं मोजू नका.

आता जोखमीचं. फळ फोडलं की आत पांढऱ्या गोड गरात तीस-चाळीस बिया असतात. ओली बी लगेच विकली तर शेतकरी मोकळा, पण पैसा कमी. लाकडी पेटीत केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवली, दर दोन दिवसांनी उलथली आणि मग उन्हात सुकवली, तर चॉकलेटची चव तयार होते. पेटीत हात घातला तर चटका बसावा इतकी ती तापते, ४५ ते ५० अंशांपर्यंत. वास आधी ताडीसारखा आंबूस, मग शिरक्यासारखा झणझणीत. बी चाकूनं उभी कापून बघायची. आत तपकिरी आणि भेगाळलेली असेल तर आंबणं झालं. जांभळी, गुळगुळीत असेल तर कच्ची. सुकताना पाऊस आला तर बुरशी लागते आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

बहुतेक छोटे चॉकलेटवाले म्हणतात, 'आंबवून सुकवलेली उत्तम बी द्या, आम्ही जास्त भाव देऊ.' ऐकायला छान वाटतं, पण याचा अर्थ आंबवण्यातली सगळी जोखीम शेतकऱ्याची. लॉट नापास झाला की तो ओल्या बीच्याही भावाला मुकतो. उलंगवाडी काका म्हणतात तो कटता हाच.

आणि भाव: २०२४ मध्ये इथे सुकी बी किलोला हजाराच्या घरात गेली, नंतर झपाट्यानं उतरली. त्या वर्षी ज्यांनी 'आम्ही बाजारापेक्षा जास्त देतो' असं वेष्टनावर छापलं होतं, त्यातल्या कित्येकांना ते झेपलं नाही. ताईंचे ६०० रुपये आज बरे दिसतील, पुन्हा हजार झाले तर काय, हे आत्ताच लिहून ठेवावं लागेल.

शेवगा

मग शिक्केवाला माल का घेऊ नये? फेअरट्रेडचा, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव दिल्याचा, शिक्का त्यासाठीच असतो ना?

नागपूरकर_कोचीत

शिक्क्याचा उपयोग आहे. २०१९ पासून त्यांनी कोकोला टनामागे २,४०० डॉलरचा किमान भाव आणि वर २४० डॉलर गावाच्या कामासाठी ठेवले होते. बाजार पडलेला असताना तो आधार मोठा होता. पण कोकोमध्ये शिक्क्याचा आणि बिगरशिक्क्याचा माल कारखान्यात एकत्र दळायला परवानगी असते, कागदावर वजन जुळलं की झालं. त्यामुळे हातातली वडी नेमक्या कुठल्या वावराची हे शिक्का सांगत नाही. वणाकाठ ताईंना तेच हवं आहे.

उलंगवाडी

आणखी एक सांगायचं राहिलं. घाना आणि आयव्हरी कोस्टानं मिळून २०२०-२१ च्या हंगामापासून टनामागे ४०० डॉलर जादा लावले, कास्तकाराच्या पोटापाण्यासाठी म्हणून. खरेदीदारांनी ते ४०० कबूल केले आणि चांगल्या प्रतीसाठी वेगळा जो अधिभार देत होते तो घासाघीस करून शून्याच्याही खाली नेला. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढलं. जगातला निम्म्याहून जास्त कोको दळणाऱ्या दोन-तीनच कंपन्या. त्यांच्यापुढे दोन देशांची सरकारं थकतात, तर एकटा कास्तकार काय करन?

मायबापहो, आमच्याकडे २०२२ मध्ये कापूस दहा हजारांवर गेला होता. २०२५ च्या ऑगस्टात आयात शुल्क उठवलं आणि वेचणी सुरू व्हायच्या आधीच भाव बसला. कोकोवाल्याचं दुखणं मले परकं वाटत नाही ते यासाठी.

एकफेज

यंत्राबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी वर्ध्यात मोटारी दुरुस्त करतो.

कोको दळायला परदेशी यंत्र घ्यायच्या भानगडीत पडू नका. जगभरचे छोटे चॉकलेटवाले ज्या दगडी यंत्रावर दळतात ते मुळात आपलं दाक्षिणात्य इडली-डोशाचं वेट ग्राइंडर आहे. कोइम्बतूरचं. ग्रॅनाइटचा तळ आणि वर फिरणारे ग्रॅनाइटचेच रूळ. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी वीसेक वर्षांपूर्वी त्यात कोको घालून पाहिला आणि मग त्याच कारखान्यांनी चॉकलेटसाठी वेगळी मॉडेलं काढली. तीच घ्या. साधं घरगुती ग्राइंडर तासाभराच्या पिठासाठी असतं, त्याचा पट्टा आणि बेअरिंग दीड-दोन दिवस सलग चालण्याला टिकत नाही.

खरा प्रश्न विजेचा. दळण चोवीस तासांपासून पुढे दोन-तीन दिवस चालतं. मध्ये रात्री लाइन गेली आणि थंडी असली की भांड्यातला कोको दगडासारखा घट्ट बसतो. लाइन आल्यावर कुणी तसंच बटण दाबलं तर मोटर जळते. त्यासाठी दोन गोष्टी करा. लाइन आल्यावर मोटर आपोआप सुरू होणार नाही असा स्टार्टर लावा. आणि घट्ट झालेलं भांडं गरम हवेनं बाहेरून सोडवून, रूळ हातानं फिरतात हे बघून मगच चालू करा. आमच्याकडे शेतीपंपाच्या निम्म्या मोटारी अशाच जळून येतात.

बी आणि साखर दोन्ही कोरडी ठणठणीत हवी. गूळ घालायचा मोह होईल, गावात सगळ्यांना होतो. साध्या गुळात ओल असते, तो पडला की सगळा लगदा गोळा होऊन बसतो आणि रूळ अडकतात. पूर्ण वाळवलेली गुळाची भुकटी मिळाली तरच.

मोहटोळ

मी गडचिरोलीचा. शेवगा म्हणतात त्यात तथ्य आहे, पण जरा वेगळ्या बाजूनं.

युरोपच्या नियमात कोको बटरच्या जोडीला सहाच वनस्पती तेलं चालतात, तीही ५ टक्क्यांपर्यंत. त्या सहांत सालवृक्षाच्या बीचं, कोकमाचं आणि आंब्याच्या कोयीचं तेल आहे. म्हणजे छत्तीसगड-ओडिशाच्या जंगलात सालबी वेचणारी आदिवासी बाई कित्येक वर्षांपासून चॉकलेटच्या धंद्यात आहे, तिला ते कुणी सांगितलेलं नाही एवढंच. बी गोळा करून आठवडी बाजारात मापानं विकायची, पुढे तिचं काय होतं याचा पत्ता नाही. कोकोवाल्याचीच गत.

आमच्याकडे यातून थोडी वाट निघाली ती वनहक्क कायद्यामुळे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये गावानं स्वतःच्या परवान्यावर बांबू विकला. नंतर कित्येक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा हर्रास स्वतः केला. पहिल्यांदा ठेकेदारांनी भाव पाडून बघितला. ज्या ग्रामसभा एकत्र बसल्या त्या टिकल्या. तिथे शिकलो ते असं की कागद गावाच्या हातात हवा, गावाला वाचता येईल असा, आणि आगाऊ रक्कम हर्रासाच्या दिवशीच जमा हवी.

म्हणून वणाकाठ ताई, तुम्ही या सौद्यात खरेदीदाराच्या बाजूला बसणार आहात हे लक्षात घ्या. आम्ही ठेकेदाराकडून जे मागतो ते तुमच्याकडून कोकोवाला मागणार. ते द्यायची तयारी असेल तर जरूर करा.

वणाकाठ

सगळ्यांचं वाचून काल गटाची बैठक घेतली. उलंगवाडी भाऊंचं आणि मोहटोळ दादांचं लिहिणं मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्यातल्या वयस्क बायांना चुकाऱ्याची आठवण अजून ताजी आहे, त्यामुळे समजवायला वेळ लागला नाही.

ठरलं ते सांगते. कंपाउंड एकदम बंद नाही करणार, आहेराच्या डब्यांवर चार घरं चालतात. पण या हंगामात एकाच शेतकरी गटाकडून थोडी बी आणायची. पश्चिम गोदावरी किंवा एलुरूकडून, कारण विजयवाड्याकडून येणारा रेल्वेमार्ग हिंगणघाटवरूनच जातो, ट्रान्सपोर्टचे दोन हात वाचतात. ओल्या बीचा पैसा फळ फोडल्याच्या दिवशी द्यायचा, तो कोणत्याही परिस्थितीत परत मागायचा नाही. आंबवून-सुकवून आलेल्या बीचा वरचा पैसा माल पोचल्यावर आठवड्यात. लॉट बिघडला तर ओल्या बीचा पैसा आमचा गेला, वरचा त्यांचा गेला. बाजार ६०० च्या वर गेला तर बाजारभाव, खाली आला तरी ६००. गटाच्या बचतीतून झेपेल एवढ्याच किलोंचा शब्द द्यायचा.

वेळेचं असं केलं की भाजणं, पाखडणं, दळणं वेचणीच्या दिवसांत रात्री चालेल, ते यंत्राचं काम आहे. दळलेला कोको लादी करून ठेवायचा. टेम्परिंग आणि साचे उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाची वेचणी संपल्यावर, फेब्रुवारीत, पहाटे. तेव्हा बायांना हाताला काम नसतं आणि पहाटेची हवाही गार असते. उन्हाळ्यात विक्री बंद. वडीत नागपुरी संत्र्याची वाळवलेली साल घालून बघायची आहे, एका वडीत भिवापुरी मिरची.

वडीच्या कागदावर शेतकरी गटाचं गाव, ओल्या बीचा भाव आणि वरचा भाव, तिन्ही छापणार.

एकफेज भाऊ, स्टार्टरचं तुमच्याकडूनच करून घेऊ.

एक अडलं आहे. करार त्यांना वाचता यावा म्हणून तेलुगूत हवा आणि आमच्यात तेलुगू कुणालाच येत नाही. मराठी मसुदा मी तयार केला आहे. कुणी मदत करेल का?

उलंगवाडी

ताई, भाव पडला तरी ६०० हे लिहून देत आहात, तर त्याची मुदतही लिहा. एक हंगाम की तीन? कास्तकार झाड तोडायचं की ठेवायचं हे त्यावर ठरवते.

वणाकाठ

बरोबर आहे. तीन हंगामांचं गटाला झेपेल की नाही हे आज सांगता येत नाही. दोन लिहिते, किलो कमी ठेवून.

मोहटोळ

सिरोंच्यात घरोघरी तेलुगू बोलतात ताई. आमच्या ग्रामसभेचे कागद लिहून देणारे एक गुरुजी आहेत, दोन्ही भाषा लिहितात. मसुदा निरोपातून पाठवा, रविवारी बाजाराला गेलो की त्यांच्याकडून करून घेतो.